‘सुमारे’वरची मात्रा

तीर्थरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, तेव्हा दीडच समज). गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस म्हटलं तरी तू चढणारच, म्हणून नुसतंच विचारते.

झाले बाई एकदाची डॉक्टर! सुटले! (इंजेक्शन देणारी नव्हे, शेजारणीला आधीच सांगून ठेव.) मागे विषय समजावत होते तेव्हा तुला डुलकी लागली होती, म्हणून थोडक्यात सांगते. फरश्या भाजणाऱ्या एका बाईंची भट्टी आहे. ती एकदा पेटली की दुसऱ्या ऑर्डरीला पहिलीइतकं जळण लागत नाही, तिसरीला आणखी कमी. मग चाळीसपैकी कुठल्या ऑर्डरी एकत्र घ्याव्यात, म्हणजे नासाडी किमान होईल? अचूक उत्तराला संगणक अकरा दिवस घेतो, तोवर गिऱ्हाइकं पसार. माझी पद्धत चार मिनिटांत सुमारे तेच उत्तर देते, चुकलं तर हजारात एकाने.

हे ‘सुमारे’च माझ्या मुळावर आलं. छापायच्या घाईत (शुद्धलेखनाला तुझ्या नजरेखालून घालायला हवं होतं, कबूल) प्रबंधाच्या मुखपृष्ठावरची एक मात्रा गळाली आणि ‘सुमारे किमान उत्तर शोधण्याची जलद पद्धत’ची झाली ‘सुमार किमान उत्तर शोधण्याची जलद पद्धत’! तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “सुमार उत्तरं शोधायला सहा वर्षं? आमची मुलं तीन तासांच्या पेपरात देतात.” सगळे हसले. सहा वर्षं मातीत गेली असं वाटलं गं. तेवढ्यात मागच्या रांगेतून, मी मुद्दाम बोलावलेल्या भट्टीवाल्या बाई तडकल्या, “सुमार म्हणा नाहीतर काही म्हणा, त्याच उत्तरांवर माझी भट्टी वर्षभर चाललीय. अचूकवाल्यांची वाट बघत बसले असते तर केव्हाच विझली असती!” परीक्षकांनी मुकाट्याने पेन काढलं, स्वतःच्या हाताने मात्रा दिली आणि खाली सही केली. माझा जीव भांड्यात पडला.

तुझी,
भाची

ता. क. खरं काम असं, की बाबांना अजून वाटतंय मी अचूक उत्तरच शोधतेय. दोन वर्षांपूर्वीच ते सोडलं, पण सांगायची छाती झाली नाही. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, ‘जवळपास म्हणजे चूकच’ हे ऐकत मी वाढले. थोरली बहीण म्हणून तूच सांग ना.

आणखी एक ता. क. सांगू नकोस! पाकीट चिकटवता चिकटवता त्यांचा फोन आला आणि आनंदाच्या भरात मीच सगळं बोलून गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कितीने चुकतं? हजारात एक म्हटल्यावर म्हणाले, “मग काय! उन्हात तापली की आमची मोजणीची साखळी त्याहून जास्त चुकायची.” आणि हळूच असंही म्हणाले, की तुझ्या कुंपणाची हद्द त्यांनी भर दुपारी मोजली होती, तेवढं मात्र तुला कळवू नये.