एकोणीस एकांची बाकी

बाबा, तुमच्या त्या एकोणीस एकांचा निकाल मला परवा कळला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. खरं तर तो आकडा तुमचा नव्हता, माझा होता. बल्लारपूरच्या आपल्या घरात कागद कारखान्यातल्या कातरणीच्या लांबच लांब पट्ट्या पडलेल्या असायच्या. मला तेव्हा एक हा एवढाच आकडा सरळ काढता यायचा, तोच एकापुढे एक काढत सुटले. तुम्ही शाळेतून आलात, मोजलेत, एकोणीस भरले. "पोट्टीनं आकडा तर भारी काढला! थांब, याले तोडून दाखवतो तुले," म्हणालात. गणिताच्या मास्तरांना काय, निमित्तच हवं असतं.

सात एकांच्या आकड्याला दोनशे एकोणचाळीसने भाग जातो हे तुम्ही स्वतः शोधलं होतं, त्यामुळे हाही आज ना उद्या फुटेल याची तुम्हाला खात्री. स्वयंपाकघरात पट्टी पसरून बसता, भागाकार उतरत उतरत चुलीपाशी येतो. तीनने भागलं, बाकी एक. सातने, अकराने, तेराने, बाकी पुन्हा एकच. सतराने नऊ उरले तर तुम्ही केवढे खूश! आई करवादते, "तुमचा भागाकार उचला जी, मी सैपाक कुठी करू?" तुम्ही पाट सरकवता, पट्टी नाही. माझं लग्न झालं, मी गडचिरोलीला आले, तरी तुमचं चालूच. मला हसू यायचं आणि तुमचा अभिमानही वाटायचा.

मग चंद्रपूरचा तो दवाखाना. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "बाकी?" आपल्याकडे भेटलेला माणूस असंच विचारतो, आणखी काय चाललंय म्हणून. मी सांगत बसले. मामाच्या धानाची रोवणी झाली, आईचा गुडघा बरा आहे, धाकट्या बहिणीला नोकरी लागली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मान हलवलीत. "ते नाई व. भागाकाराची." मी म्हटलं, "आहे, बाबा. अजून उरूनच राह्यली." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. "म्हंजे माह्याच्यानं नाई झालं."

परवा आमच्या शाळेत आलेल्या नव्या गणिताच्या बाईंना मी सहज तो आकडा दाखवला. त्यांनी संगणकावर टाकला आणि हसल्या. "मॅडम, ही तर मूळ संख्या आहे. एक आणि ही स्वतः, एवढेच हिचे भाजक. दुसरं कोणी हिले तोडूच शकत नाई." हाताने खात्री करायची तर शंभर कोटींच्याही पुढे भागत जावं लागलं असतं, म्हणे. तुमच्या जन्माआधीच कुणीतरी हे सिद्धही करून ठेवलं होतं. म्हणजे तुमच्याकडून झालं नाही असं काही नव्हतंच, बाबा. भाग जातच नव्हता. तुम्ही काढलेली प्रत्येक बाकी तिथे असायलाच हवी होती.

हे पत्र कुठे टाकणार? माझ्याजवळच राहील. पण खरं सांगते, बाई हसल्या तेव्हा मला आनंद झाला नाही. तुम्ही गेल्यापासून, कुणाला न सांगता, मी भागत होते. तुमच्यासाठी करण्यासारखं तेवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं.