कोरड्या नदीतलं वीतभर पाणी

सर, आज तुमची ओळ बदलली. दुपारी, डबा खाऊन झाल्यावर. पडेगावच्या या ऑफिसात तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हतं. एवढं मोठं काही केलं तरी सांगायला माणूस नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

धरण फुटलं तर खालच्या गावात पाणी किती वेळात पोचेल, हे सांगणारा तुमचा प्रोग्राम. नदी कोरडी असली की गणितात शून्यानं भागायची वेळ यायची आणि कॉलेजातलं ते जुनं मशीन आडवं पडायचं. म्हणून तुम्ही ओळ घातलीत: कुठंही पाणी नसेल, तर वीतभर आहे असं धर. आपल्या मराठवाड्यात, सर! जिथं नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, तिथं बारमाही वीतभर पाणी! मी फिस्सकन हसले. तुम्ही कन्नडच्या तुमच्या शेतातनं आणलेलं आलं चहात किसत होता. तसेच वळलात आणि ओरडलात, "लई शहाणी झालीस व्हय? चालतंय ना? मग हात नाय लावायचा!" मला रडूच कोसळलं. मग पहिला कप तुम्हीच माझ्यापुढं सरकवलात. निघताना उरलेलं आलं कागदात बांधून दिलंत. "आईला दे. खोकला म्हणत होतीस ना?"

तुम्ही हे जग सोडून गेलात आणि तुमचं ते रागातलं बोलणं आम्हा विद्यार्थ्यांचा कायदा झालं. सरांच्या ओळीला हात लावायचा नाही. खऱ्या पुराच्या नोंदीशी उत्तर जुळेना, तर शेवटी कुठल्याशा आकड्यानं गुणायचं आणि जुळवून मोकळं व्हायचं. ज्याची त्याची प्रत वेगळी, ज्याचा त्याचा आकडा वेगळा, आणि तो तेवढाच का, हे विचाराल तर सगळे छताकडं बघणार. याला आम्ही गुरुभक्ती म्हणायचो, बोला! मग एकेक जण पुण्याला गेला, कुणी परदेशात. आकडे इथंच टाकून गेले. मागं राहिले मी.

यंदा मीच हट्टानं नवी शिस्त लावली. प्रत एकच ठेवायची. कुणी काय बदललं याची नोंद राहील, आणि दुसऱ्यानं वाचल्याशिवाय कुठलाही बदल आत घ्यायचा नाही. शिवाय ज्याचं उत्तर हातानं काढता येतं, असं सोपं गणित प्रोग्रामला आधी घालायचं, मगच खऱ्या नदीकडं वळायचं. पहिलंच घातलं ते कोरड्या पात्राचं. प्रोग्राम म्हणतो, पाणी यायला अजून अवकाश आहे. हाताचं गणित म्हणतं, केव्हाच गावात शिरलंय. तुमचं ते वीतभर पाणी लोंढ्याला वाटेत अडवत होतं, सर. सध्या ज्या गावाचं काम हातात आहे, तिथल्या लोकांना घरं सोडायला किती वेळ मिळेल, ते याच उत्तरावर ठरणार आहे.

माझ्या हाताखाली एक नवी मुलगी आहे, पुंडलिकनगरहून स्कूटीवर येते. ती म्हणाली, "मॅडम, ही ओळच चुकलीये. कुणी लिहिली?"

"सरांनी."

"कोणते सर?"

कोणते सर, म्हणे! तिचा तरी काय दोष? पण त्या क्षणी मला फार एकटं वाटलं. तुम्हाला ओळखणारं या खोलीत आता कुणीच उरलं नाही.

नवी ओळ मी लिहिली. पाणी नसेल तर नाहीच धरायचं, आणि तिथं भागाकार करायचा नाही. सकाळी तिनं वाचून होकार दिला आणि ती सुट्टी घेऊन गेली. दुपारी चालवलं. उत्तर हाताच्या गणिताला बरोबर जाऊन मिळालं. त्या गावासाठी जीव भांड्यात पडला. पण "अगं, मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं व्हय?" असं खेकसणारं कुणी नाही. तेवढं खेकसणं मला हवं होतं.

हे पत्र काही कुठं जाणार नाही, म्हणून सांगून टाकते. निकामी झालेल्या ओळी ठेवायच्या नाहीत, सरळ पुसायच्या, असा नियम मीच छापून भिंतीवर लावलाय. तुमची ओळ मात्र मी नव्या ओळीच्या वर तशीच राहू दिलीय, त्या मुलीच्या होकारानंतर, कुणाला न दाखवता. पुढं खूण टाकलीय, त्यामुळं मशीन ती वाचत नाही. मी वाचते.