कबनूरचे कपाट

आप्पा, काल माझ्या खोलीत कपाट उभे राहिले. तुम्ही ती खोली पाहिली असती तर दारातूनच हसला असता. नऊ फूट बाय आठ फूट, एक पलंग, एक खिडकी, आणि दार उघडले की थेट पलंगाच्या पायाला जाऊन लागते. आईने आणि मी हे दोन खोल्यांचे घर घेतले तेव्हा घर दाखवणारा माणूस म्हणाला होता, "मॅडम, हितं कपाट बसणारच न्हाय." मी नेहमीप्रमाणे गप्प राहिले, पण मनात म्हणाले, हा गृहस्थ आमच्या आप्पांना ओळखत नाही. कपाट बांधायला तुमचे जोडीदार काकाच आले, ज्यांनी वीस वर्षे करवतीचे दुसरे टोक धरले तेच. काल चहा पिता पिता त्यांनी सहज एक वाक्य उच्चारले आणि त्या वाक्यामुळे मी आज रविवारच्या सकाळी, तपासायचे पेपर बाजूला सारून, तुम्हाला लिहायला बसले आहे. गोष्ट कबनूरच्या कपाटाची आहे. ते उभे केले त्या दिवशी परतताना मी तुम्हाला जे सांगितले, ते बारा-तेरा वर्षे माझ्या मनात कुसळासारखे रुतून आहे. तुमच्याच पद्धतीने जाते. आधी सगळे बाहेर काढते, मग काय कुठे बसते ते पाहू.

कारण तुमची पद्धत तीच होती. कुणाच्याही घरी गेलात की तुम्ही भिंतीकडे आधी पाहतच नसा. "सगळं भाईर काढा," म्हणायचात, आणि घरातल्या बायका लाजत, कुरकुरत ट्रंका उपसायच्या. पलंगावर कपड्यांचा डोंगर झाला की तुम्ही घडी घातलेल्या साडीची रुंदी पाहायचात, सर्वांत लांब कपडा हातात उंच धरून तो जमिनीला कुठे टेकतो ते पाहायचात, आणि वाकळांच्या चळतीवर चक्क स्वतः बसून ती किती दबते याचा अंदाज घ्यायचात. मग खोलीची पाळी. तुमच्याकडे टेप होती, पण ती खिशातच राहायची. प्रत्येक खोलीसाठी तुम्ही सागाची एक लांब, अरुंद पट्टी घ्यायचात आणि तिच्यावर पेन्सिलीने खुणा करायचात: इथे छत, इथे खिडकीची कड, इथे पलंगाची उंची. आकडा एकही नाही. आकडे माझ्या वहीत असायचे. आठवीच्या सुट्टीपासून मी तुमच्याबरोबर येऊ लागले ती चौकटीची वही घेऊनच, आणि पट्टीवरची कोणती खूण किती इंचांवर, साड्या किती, वाकळा किती, कोट किती, हे सुवाच्य अक्षरात लिहिणे एवढेच माझे काम होते. बोलावे लागत नसे, म्हणून ते मला फार प्रिय होते.

कबनूरचे घर दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीतले. खाली यंत्रमाग, वर राहायचे. मुलाचे लग्न आठ दिवसांवर आलेले आणि नव्या जोडप्याला द्यायची खोली माझ्या आताच्या खोलीएवढीच, शिवाय छत बुटके. खालून मागांचा खडखडाट इतका, की जिन्यातच आपले शब्द आपल्याला ऐकू येईनासे होत. घरधनीण कमरेवर हात ठेवून उभी.

"मिस्त्री, कपाटाच्या वर बोटभर बी फट नगं. आमच्यात कापूस उडतोय. फट ठिवली की दिवाळीपत्तर तिथं गादी तयार हुतीया."

"मग नवरीसाठनं नवी गादी करायला नगं की, वैनी!"

"थट्टा करू नगा. पार स्लॅबला चिकटवा." मग माझ्याकडे वळून, "ही कोण? बोलत न्हाय ती?"

"माझी लेक. बोलती की. पर निकालाच्या दिवशी."

मी वहीत आणखी खाली मान घातली. त्या दिवशी तुम्ही मला नवरी केले होते, आठवते? पलंग आणि भिंत यांच्यामध्ये मला उभे करून म्हणालात, "समज, तू नवी नवरी. दार उघड. आता साडी काढ." मी हवेतले दार उघडले आणि माझे कोपर खरोखरच्या भिंतीवर आपटले. "झालं," तुम्ही म्हणालात, "सरकती दारं. आनि खण डावीकडं." घरधनीण इतकी खूश झाली की तिने मला पुन्हा एकदा साडी काढायला लावली. कपाटे आखण्याची पुस्तके मी पुढे वाचनालयात पाहिली. एकाही पुस्तकात नवरीला उभे करून पाहा असे लिहिलेले नव्हते.

आणि मग उभे करण्याचा दिवस. एरवी तुमची कपाटे छतापासून हात-दीड हात खाली असायची, त्यामुळे ती जमिनीवर जुळवून खुशाल उभी करता येत. इथे कापूस शिरू नये म्हणून तुम्ही जोड टाळलात आणि पूर्ण उंचीचा सांगाडा अखंड केलात. दुपारी जेवणे झाली, सांगाडा खोलीत आडवा पडलेला होता, आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर वही घेऊन बसले होते. माझ्या वहीत होते: छत नव्वद इंच, कपाट त्याहून अर्धा इंच कमी, पुढून मागे बावीस इंच. आडवी पेटी उभी होताना तिचा कोपरा तिरक्या रेषेवरून फिरतो, आणि तिरकी रेषा नेहमीच मोठी. दोन वर्गांची बेरीज, तिचे वर्गमूळ. भूमितीच्या पेपरात महिन्याभरापूर्वी मी हेच प्रमेय आकृतीसह सिद्ध करून आले होते. उत्तर ब्याण्णवच्या वर गेले. मी पुन्हा मांडले, पुन्हा तेच आले. तुमच्या पट्टीवर उभी मापे होती, आडवी होती. तिरके माप तिच्यावर नव्हतेच. तुम्ही आणि काका तळहातांना थुंकी लावून सांगाड्याच्या दोन बाजूंना उभे होतात.

सांगाडा अर्धा वर गेला आणि कोपरा छताला भिडला. चुन्यावर एक लांब ओरखडा उमटला. मागावरची चार माणसे वर आली, त्यांनीही खांदे लावले, कपाट तिरकेच. घरधनीण दारात येऊन पाहू लागली.

"आता काय ह्ये आसंच ठिवायचं? माझ्या सुनंनं झोपून साड्या काढायच्या व्हय?"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. सांगाड्यावरून एकदा हात फिरवलात, जसा आजारी बैलावरून फिरवतात, आणि काकांकडे करवत मागितलीत. वरचा दीड फूट कापून वेगळी पेटी झाली, सांधा पट्टीने झाकला गेला, दोन दिवस वाढले आणि हळदीच्या आदल्या दिवशी काम संपले. वरच्या पेटीत वाकळा बसल्या, घरधनीणही निवळली. पण सागाच्या अखंड फळीवर करवत चालवताना तुमचा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिले होते.

करवत चालली त्या संध्याकाळी एसटीत तुम्ही खिडकीबाहेर पाहत विचारलेत, "तुला गणितात समदं येतंय. ह्ये कळलं न्हाय व्हय?"

"कळलं होतं."

"मग?"

मला अजून त्या सीटचे फाटलेले रेक्झिन आठवते, त्याच्याकडेच पाहत मी म्हणाले, "मी बोलले होते. मागांच्या आवाजात तुम्हाला ऐकू आलं नाही."

तुम्ही शर्टाच्या बाहीवरचा भुसा झटकलात. मग म्हणालात, "व्हय. आयकाय पायजे हुतं मी."

पुढे जे घडले ते माझ्या अपेक्षेपलीकडचे होते. तुम्ही खरोखर डॉक्टरकडे जाऊन कान तपासून आलात. जेवताना आईला, पण माझ्याकडे पाहत, सांगितलेत, "कान ठणठणीत हायत म्हणं." आईला काही कळले नाही, आणि मी ताटातला भात चिवडत राहिले. त्यानंतर कोणत्याही घरात, कपाट उभे करण्याआधी, तुम्ही सगळ्यांचे हात थांबवायचात, रंधा-करवत बंद करायला लावायचात आणि विचारायचात, "कुणाला काय बोलायचं हाय?" घरच्या लहान पोरांनाही विचारायचात. कुणी कारण विचारले तर सांगायचात, माझी लेक बोलली होती, मीच आयकलं न्हाय. आणि अकरावीला प्रवेश घेतला त्या दिवशी तुम्ही मला बाभळीची एक हातोडी करून दिलीत, पूर्ण लाकडाची, दांडा माझ्याच मुठीच्या मापाचा. "तोंड उघडंना तर फळीवर दोन ठोकं मार. मी थांबतो." बाकीच्या मुलींना घड्याळे मिळाली होती. मला माझ्या खोट्याचे बक्षीस मिळाले होते, आणि ते इतके सुबक होते की मी ते परतही करू शकले नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. हातोडी आजही माझ्या टेबलावर, वह्यांच्या गठ्ठ्यावर असते. शाळेत मी आता भूमिती शिकवते, आणि ते प्रमेय शिकवायचा दिवस आला की माझ्या वर्गात फळ्यावर त्रिकोणाऐवजी कपाट काढले जाते. मुली खूप हसतात.

तर काल. काकांनी माझ्या कपाटाचे दोन भाग वेगवेगळे केले होते, तुमच्या नव्या रिवाजाप्रमाणे. खालचा भाग उचलण्याआधी ते थांबले, कमरेला हात लावून सरळ झाले आणि म्हणाले, "कुणाला काय बोलायचं हाय?" खोलीत मी एकटीच होते. आणि मला बोलायचे होते: त्यांनी खण खिडकीकडच्या बाजूला घेतले होते, तिथे ते पलंगाच्या पायाला अडून अर्धेच उघडले असते. हातोडीकडे हात गेला होता, पण त्याआधीच तोंडातून निघाले, "थांबा, काका! खण या बाजूला हवेत." इतक्या मोठ्याने, की आई पोळपाट टाकून पळत आली. काका हसत सुटले. "आप्पा आसतं तर पेढं वाटलं आसतं."

मग चहा घेताना त्यांना कबनूर आठवले. "तुजा आवाज मागात बुडला, आसं आप्पा समद्यास्नी सांगायचं. मी कवा मधी बोललो न्हाय. पर पोरी, त्या टायमाला माग कुठं चालू हुतं गं? जेवणं झाली आनि लाईट गेली. लाईट गेलती म्हणून तर ती माणसं वर आली. न्हायतर चालता माग सोडून कोण येतंय?"

आप्पा, मला आजपर्यंत त्या दुपारचा खडखडाट स्पष्ट ऐकू यायचा. तो मीच नंतर त्यात भरला असणार. काका म्हणतात ते खरे आहे. चार माणसे रिकामी होती, म्हणजे खाली शांतता होती. त्या शांततेत माझ्या पेन्सिलीचा आवाजसुद्धा तुम्हाला आला असेल. म्हणजे एसटीत मी ते वाक्य उच्चारले त्याच क्षणी तुम्हाला सगळे ठाऊक होते, आणि तरी तुम्ही कान तपासायला गेलात, माझ्याकडे पाहत निकाल सांगितलात, आणि लाजऱ्या मुलीला बोलती करण्यासाठी आयुष्यभर साऱ्या गावापुढे बहिरे झालात. जेवतानाचा तुमचा तो चेहरा मी आज पुन्हा आठवून पाहिला. मिशीत हसत होतात तुम्ही! मीच ताटाकडे पाहत होते.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही. घडी करून नव्या कपाटाच्या वरच्या पेटीत, वाकळांखाली ठेवणार आहे. ती जागा तुम्ही बसून मोजली असती. फक्त एवढे राहिले: त्या दुपारी मी बोलले नव्हते. माझे ओठसुद्धा हलले नव्हते. हे लिहिण्याआधी मी ते खोलीत मोठ्याने म्हणून पाहिले, तर स्वयंपाकघरातून आईने विचारले, "कुणासंगं बोलतीस गं?"

"कुणाशी नाही," मी म्हणाले. एवढे एक खोटे अजून माझ्या नावावर राहू द्या.