खुराक कमी पडला नव्हता

माय, तुझ्या धाकट्याचा पाय मोडला आहे, बाबांचा मोडला होता तसाच, गुडघ्याखाली. जामुलच्या कारखान्यातली ड्यूटी करून येताना मोटरसायकलवरून पडला. आत सळई घातली, पण जखम चिघळली आणि हाड जुळायचं नाव घेत नाही. उद्या त्याचं काय करायचं ते मी सांगून बसले आहे, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही.

बाबांच्या वेळचं तुझं स्वयंपाकघर सारखं डोळ्यांपुढं येतं. कॅम्प-एक वस्तीतल्या घरात कोळशाच्या शेगडीवर बकऱ्याचे पाये शिजताहेत, तू वरचा फेस काढते आहेस. बाबांचा पाय उशीवर, लाल, तापलेला. महिने जातात. आत्या उंबऱ्यावर बसून म्हणते, "माह्या भावाले खुराकच कमी पडून राहिला. बाईचा हात आखडता असन." तू आपल्या ताटातलं उचलून बाबांच्या वाटीत घालतेस. बाबा कायमचे लंगडे झाले आणि तो दोष तू मरेपर्यंत पदरात बांधून ठेवलास. आत्याही आता नाही, पण माझा राग काही गेला नाही.

मी रायपूरला लॅबमध्ये हाडाच्याच पेशी वाढवते. गुडघा बदलताना काढून टाकलेलं हाड लोक खुशीनं देतात, त्यातल्या. त्या पेशींना ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन दिलं, की ते 'हाड बांधा' असा निरोप देतं आणि पेशी कामाला लागतात. दुसऱ्या बशीतल्या पेशींना तेवढंच प्रथिन देते, फक्त सुजेच्या वेळी शरीर जी द्रव्यं सोडतं ती सोबत घालते. तिथं काम मंदावतं. निरोप पेशीच्या दारापर्यंत येतो आणि आत जाता जाता विझतो. सुरुवातीला थोडी सूज लागतेच, तिच्यावाचून शरीर हाड सांधायला घेत नाही. पण ती ठाण मांडून बसली, की वरून कितीही ओता, हाड जुळत नाही. हे पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी हातमोजे काढून रडले. तुझे पाये कमी पडले नव्हते, माय.

एक डॉक्टर म्हणतात, सळई काढू, जखम साफ करू, मग थांबू. दुसरे म्हणतात, हेच प्रथिन हाडाच्या फटीत आत्ताच भरून पाहू. रविवारी भावानं मला खाटेजवळ बसवलं.

"ठेकेदार किती दिवस थांबन? तू शिकली ना, सांग मले. भरून टाकू का?"

"आधी सूज उतरू दे."

"अन् तवरिक नोकरी गेली त? पाय गेला त?"

मी त्याच्या पायाखालची उशी सरळ केली. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ठीक हे. तू म्हणतं त थांबतो." लहानपणापासून तो माझं ऐकत आला आहे, याचीच आता भीती वाटते. बशीतल्या पेशी बघून मी माणसाचा पाय ठरवला. उद्या सकाळी सळई काढतील.

हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते. एवढं सगळं कळत असूनही मी आज कॅम्पच्या बाजारातून पाये आणले. उद्या तो शुद्धीवर आला की लागतील. ते गॅसवर शिजताहेत, मी फेस काढते आहे, आणि पातेलं काठोकाठ भरलेलं असूनही मला वाटतंय, कमी पडतील.