समुद्र तिचा, द्राक्षं माझी

४ एप्रिल
ठरलं. लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, म्हणून सहल. समुद्राकाठचं ते शहर, जिथं म्हणे डोंगर थेट पाण्यात उतरतो. बायकोला लग्नापासून समुद्र बघायचाय. मी बुकिंगला बसलो आणि नकाशात दिसलं की शहरापासून तासाभरावर नुसते द्राक्षमळे आणि वायनरी. निव्वळ योगायोग. चार दिवस तिचा समुद्र, दोन दिवस माझी द्राक्षं. २८ला निघायचं. तिघं.

बायकोची एक अट आहे. निघेपर्यंत थेंबही घ्यायचा नाही. मोडली तर त्या दोघी मायलेकीच जाणार, आणि नंतर ती या घरात परत येणार नाही, बहिणीकडे राहणार. हे तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. आवाज चढवला असता तर मलाच बरं वाटलं असतं. मी हसत हो म्हटलं. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो.

संकल्प: आजपासून बंद.

५ एप्रिल
बंद आहे. संध्याकाळ फार लांब असते, हे माहीत नव्हतं.

७ एप्रिल
अटीचा शांतपणे विचार केला. बायकोचा रोख दारूवर आहे. वाइन हा अभ्यासाचा विषय. उद्या वायनरीत चारचौघांत अडाण्यासारखा ग्लास धरला तर शोभा कुणाची होणार? तिचीच. तेव्हा तयारी करणं हे माझं कर्तव्य ठरतं.

जाणकार लोक वाइन तोंडात घोळवून थुंकतात. मीही बेसिनपाशी उभा राहिलो. पण खाण्यापिण्याची वस्तू थुंकायची नाही, हे आईने लहानपणी लावलेलं वळण. गिळली.

बाटली माळ्यावर, रंगाच्या जुन्या डब्यांमागे ठेवली. लपवली नाही. वाइन अंधारातच ठेवायची असते.

१० एप्रिल
अभ्यास जोरात. माझ्या धंद्याचा इथं फार उपयोग होतो. पेंटच्या दुकानात शेड जुळवण्यात माझी हयात गेली. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा पुडीत बांधून आणतं, मी थेंब थेंब रंग घालून तस्सा रंग करून देतो. त्यामुळे ग्लास उजेडात धरला की लोकांना नुसता लाल दिसतो तिथं मला चार लाल दिसतात.

तुलनेसाठी आणखी दोन बाटल्या आणल्या. एकाच बाटलीवरून मत बनवणं अन्यायाचं आहे.

१३ एप्रिल
दाताच्या डॉक्टरांनी तक्रार केली. त्यांच्या वेटिंग रूमची अर्धी भिंत हिरवी आणि अर्धी, त्यांच्या शब्दांत, आजारी हिरवी झाली आहे. दुकानातल्या नव्या ट्यूबलाइटचा दोष. मालकांना तसं सांगितलं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि काही दिवस काउंटरवर बसा म्हणाले. काउंटरला अनुभवी माणूस लागतोच. एका अर्थी बढती.

१५ एप्रिल
बायकोने विचारलं, वास कसला. मी म्हटलं थिनरचा. धंद्याचे असे फायदे असतात. तिने खिडकी उघडली. लेक मात्र जेवताना सारखी माळ्याकडे बघत होती. पोरीला पाली दिसतात वाटतं.

१८ एप्रिल
आजची वाइन अप्रतिम. परवाच उघडलेली बाटली, पण हवा लागल्यावर काय खुलली आहे! गोडसर सुरुवात, मग तुरट, शेवटी किंचित उकळलेल्या चहाची आठवण. दोन ग्लास झाले तरी काहीही चढलं नाही. उच्च प्रतीच्या वाइनची हीच खूण. इतकी वर्षं हलका माल पीत आलो याचं वाईट वाटलं.

१९ एप्रिल
ताप असावा. घाम. हात पेन धरत नाहीत. व्हायरल आहे, सगळीकडे साथ आहे.

२० एप्रिल
भिंतीवर मुंग्या. बायको म्हणाली नाहीत. मी दाखवल्या तरी नाहीत म्हणाली. डॉक्टरीणबाई घरी येऊन गोळ्या देऊन गेल्या. दाराबाहेर तिघी बराच वेळ बोलत होत्या. व्हायरलवर एवढं काय बोलायचं असतं कोण जाणे. लेक उशाशी बसून होती. रडत असावी. तिलाही सर्दी झालेली दिसते.

२२ एप्रिल
उतार पडला. दोन घास जास्त जेवलो. अभ्यास चालू ठेवलाय, रोज एक ग्लास. औषधासारखा लागू पडतोय, हात बरेच स्थिर आहेत. बायकोने समुद्रावर घालायला टोपी आणली. आरशासमोर घालून बघितली आणि मी बघतोय हे लक्षात आल्यावर हसली. बऱ्याच वर्षांनी हसली. छान दिसते. हे तिला सांगायचं राहिलं.

२४ एप्रिल
आज स्फोट. लेकीने कबूल केलं. १७ला तिने माळ्यावरच्या तिन्ही बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या आणि त्यात द्राक्षाचा रस आणि चहाचं पाणी भरलं. मला संशय येऊ नये म्हणून दुपारभर खिडकीत बसून थेंब थेंब घालत रंग जुळवला. लहानपणी मीच तिला शिकवलं होतं, शेड दिवसाच्या उजेडात बघायची.

आधी भयंकर राग आला. मग रिकामी बाटली हातात घेऊन बघितली. काचेला चिकटलेला थेंबसुद्धा तंतोतंत. मला जमला नसता. अभिमानाने ऊर भरून आला.

ती म्हणाली, "बाबा, आठवडाभर तुम्ही काहीच घेतलेलं नाही. जमतंय तुम्हाला."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. म्हणाली, याला मी अट मोडली म्हणणार नाही, आपण तिघं जाऊ. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

नंतर एकटाच बसून हिशोब मांडला. दारुड्याला असं राहता येतं का? येत नाही. मी राहिलो, तेही नकळत. म्हणजे मी दारुडा नाही, हे आज पुराव्यानिशी सिद्ध झालं. एवढी मोठी गोष्ट कोरडी सोडून देणं बरं दिसत नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो.

२५ एप्रिल
काल साजरं केलं. तपशील आठवत नाहीत. आरसा फुटलाय. लेकीच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी आहे. काच लागली म्हणाली. कशी लागली ते मी विचारलं नाही.

२७ एप्रिल
घरात कुणी बोलत नाही. प्रवासाच्या आदल्या दिवशी ताण असतोच. दुकानातून रजा मिळाली. मालक म्हणाले, हवी तेवढी घ्या, घाई नाही. सज्जन माणूस.

माझी बॅग भरून दारापाशी ठेवली. वायनरीत घालायचा पांढरा शर्ट इस्त्री करून वर ठेवला. कुणी नको म्हणालं नाही. नाही म्हणालं नाही म्हणजे हो.

समुद्रावर गेलो की सगळं निवळेल. तिथं हात धरून नीट माफी मागायची. वाक्यं तयार आहेत.

२८ एप्रिल
टॅक्सी आली. मी बूट घालत होतो. बायकोने माझी बॅग उचलून आत, पलंगावर नेऊन ठेवली. म्हणाली, "माझ्यापुरतं असतं तर मी याही वेळी गिळलं असतं. पोरीचा हात बघितलात ना?"

मी म्हटलं, उद्याच्या गाडीने मागून येतो. तिने दार लावून घेतलं, आपटलं नाही. लेकीने टॅक्सीच्या काचेतून हात हलवला. पट्टी नसलेला.

माफीची वाक्यं म्हणायची राहिली. उद्याची गाडी नक्की.

२९ एप्रिल
गाडी चुकली. स्टेशनसमोर जरा बसलो होतो.

१ मे
बायकोचा फोन आला. मी आनंदाने एकदम सुरू झालो. म्हटलं, समुद्र कसा आहे, द्राक्षमळे बघितले का, तिथला माल कसा आहे. म्हणाली, मळ्यांचं बुकिंग रद्द केलं, दोघी नुसत्या पाण्याजवळ बसतो. लेक रविवारी परत येईल, तिची पुस्तकं आणि माझ्या साड्या बहिणीकडे घेऊन जाईल.

मी विचारलं, आणि तू?

ती रागाने नाही, रडूनही नाही, नवल वाटल्यासारखं म्हणाली, "अहो, मला इथं रात्रभर झोप लागते."

मी म्हटलं, हवापालट झाला की लागते. तिने फोन ठेवला.

आज घेतली नाही, असं लिहायला वही उघडली होती.