ह्यांचं सरळ उत्तर

मी, न्यायालयातली निवृत्त लघुलेखिका, माजी आरोग्यमंत्र्यांची पत्नी आणि एका मुलीची आई, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. शरीर थकले आहे. डॉक्टर आता पुढच्या उन्हाळ्याबद्दल काही बोलत नाहीत. डोके मात्र ठिकाणावर आहे. ते नसते तर बरे झाले असते, असे अलीकडे वाटते.

एक. राहते घर माझ्या वडिलांनी दिलेल्या जागेवर, माझ्या पगारातून बांधलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलीला द्यावे. माझे पती, म्हणजे 'हे', हयात असेपर्यंत त्यांना खालच्या मजल्यावर राहू द्यावे. त्यांचे गुडघे जिना चढण्याच्या पलीकडे गेले आहेत. मुलगी इथे राहायला येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिला विकायचे असेल तर विकावे, फक्त ह्यांच्या मागे विकावे.

दोन. जेवणाच्या खोलीतला उभा आरसा पक्षाने ह्यांच्यासाठी नेमलेल्या मास्तरांना द्यावा. ते हयात नसतील तर भंगारात द्यावा.

हे मंत्री झाले तेव्हा मास्तर आमच्याकडे येऊ लागले. पूर्वी ते रेडिओवर बातम्या वाचायचे. आवाज असा, की भाजीचा भाव सांगितला तरी ऐकत राहावे. मुलाखतीत अवघड प्रश्न आला की मंत्र्याने काय करायचे, हे ते शिकवत. ह्यांना आरशासमोर बसवायचे आणि मला म्हणायचे, "वहिनी, तुम्ही कोर्टातल्या. उलटतपासणी रोज ऐकता. विचारा, अजिबात दयामाया नको."

मी विचारायची, "दवाखान्यांचा निधी न वापरता परत का गेला?" ह्यांचे कान लाल व्हायचे आणि हे खरे कारण सांगून मोकळे व्हायचे. मास्तर कपाळावर हात मारायचे. "साहेब, प्रश्न म्हणजे पायपुसणं. पाय पुसायचे आणि आपल्या घरात शिरायचं. आधी प्रश्नाचं कौतुक करा. मग मागच्या सरकारवर या. मग म्हणा, परवा मला एक म्हातारी भेटली होती. तोवर वेळ संपतो."

"कुठली म्हातारी?" ह्यांनी विचारले.

"भेटेल हो कुठेतरी."

आम्ही तिघेही पोट धरून हसलो होतो. हेही इथे नोंदवून ठेवते.

वर्ष सरता सरता हे तयार झाले. इतके, की आमटीत मीठ कमी आहे का असे विचारले तरी "चांगलं विचारलंस" म्हणून सुरुवात करायचे.

तीन. बँकेतली ठेव, जी काय उरली असेल ती, मुलीला. ती नको म्हणेल. तरी द्यावी. कारण सांगते.

मुलगी डोंगरापलीकडच्या एका लहान गावात, सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात परिचारिका होती. लहान गावांतले असे विभाग बंद करून सगळे मोठ्या रुग्णालयात हलवायचे, असे सरकारचे धोरण ठरत होते. त्याला 'एकत्रीकरण' म्हणत. मुलीचा फोन आला. "आई, आमचा वॉर्ड बंद होणार म्हणतात. मला दुसरीकडे चांगली नोकरी चालून आलीय. जाऊ का राहू? बाबांना विचार ना. तुला खरं सांगतील."

त्या दिवशी मी ह्यांना आरशासमोर नाही, ताटावर विचारले. "अहो, तिचा वॉर्ड बंद होणार आहे का? हो की नाही, एवढंच सांगा."

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "एकही बाई उपचारावाचून राहणार नाही. हा माझा शब्द आहे."

अशी उत्तरे टिपण्यात माझा जन्म गेला होता. तरी हातावर हात होता, म्हणून मी विश्वास ठेवला आणि मुलीला राहा म्हणून कळवले. मुलीने ती नोकरी नाकारली आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन बायकांना सांगितले, "बिनधास्त या, मी आहे इथे." पुढच्याच महिन्यात वॉर्डाला कुलूप लागले.

त्या हिवाळ्यात बाळंतपणात अडलेल्या एका बाईला जीपमधून मोठ्या रुग्णालयाकडे नेत होते. मुलगी सोबत होती. अर्ध्या वाटेत रक्तस्राव सुरू झाला. बाई गेली, बाळही गेले. मुलीच्याच वयाची होती ती.

निवडणुकीच्या तोंडावर ह्यांची टीव्हीवर मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारले, "साहेब, त्या जीपमध्ये तुमची स्वतःची मुलगी होती. वॉर्ड बंद होणार, हे तुम्हाला माहीत होतं तेव्हा तिला सांगितलं होतंत का?"

मला पडद्यावर ह्यांचे कान लाल झालेले दिसले. आता सांगतील, असे वाटून मी उठून उभी राहिले.

"तुम्ही हे विचारलंत, बरं केलंत," हे म्हणाले. "आज मी मंत्री म्हणून नाही, एक बाप म्हणून बोलतो." मग मुलीच्या हातांबद्दल बोलले. घराघरांतल्या लेकींबद्दल बोलले. नव्या रुग्णवाहिकांबद्दल बोलले. डोळ्यांतून पाणी आले. ते खोटे नव्हते. एवढी वर्षे संसार केल्यावर तेवढे कळते. खरेच रडू आले आणि ह्यांनी ते वापरले.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने माझ्याकडून सुट्टे पैसेही घेतले नाहीत. "काय बोलले साहेब! आमची ही तर रडायलाच लागली." हे आधीपेक्षा मोठ्या फरकाने निवडून आले. मुलीने परिचारिकेचे काम सोडले. आता ती लांबच्या एका शहरात चष्म्याच्या दुकानात बसते. मला फोन करते. ह्यांनी उचलला तर ठेवून देते.

चार. माझा टाइपरायटर त्या मुलाखत घेणाऱ्या बाईंना द्यावा. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायला हवा होता, हा राग माझ्या मनात आहे. पण एकदा तरी त्यांनीच विचारला.

पाच. पहिल्या कलमात ह्यांच्यावर एक अट घालायचे मनात होते: मुलीला खरे सांगतील तरच या घरात राहतील. ती अट मी काढून टाकली आहे.

गेल्या आठवड्यात हे माझ्या पलंगापाशी संत्रे सोलत बसले होते. मी विचारले, "अहो, त्या दिवशी जेवताना तुम्हाला माहीत होतं का?"

"हो," हे म्हणाले. "सही आधीच झाली होती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू तिला सांगितलं असतंस. तिने गावाला. गाव मोर्चा घेऊन आलं असतं." आणि सालीचे दोरे काढून एक फोड माझ्या हातावर ठेवली.

इतकी वर्षे मला वाटे, हे उत्तर मिळाले की काहीतरी होईल. मी ओरडेन, हे कोसळतील. काही झाले नाही. मी फोड खाल्ली. आंबट होती.

मुलीला फोनवर सांगितले, "बाबांनी कबूल केलं गं."

ती म्हणाली, "आई, मला तेव्हापासूनच माहीत आहे. आता मी काय करू त्याचं?" मग दुकानात गिऱ्हाईक आले आणि तिने फोन ठेवला.

सहा. माझ्या मागे शोकसभा नको. मुलीला कळवावे, ती आली नाही तर कोणी तिला बोल लावू नये. या सगळ्याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

वरील मजकूर वकीलबाईंनी मला वाचून दाखवला व तो बरोबर आहे. वाचन झाल्यावर साक्षीदार म्हणून सही करायला हे पेन घेऊन पुढे आले होते. वकीलबाई म्हणाल्या, "साहेब, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मला काय मिळणार आहे?" ह्यांनी विचारले.

वकीलबाईंनी ह्यांच्या हातातले पेन काढून घेतले आणि औषधाच्या दुकानाच्या मालकांना बोलावणे पाठवले.

लिहून ठेवणारीची सही: (केली)

साक्षीदार पहिली: समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)
साक्षीदार दुसरे: औषधाच्या दुकानाचे मालक (सही)

ठिकाण: राहते घर, तळमजला, मागची खोली
दिनांक: महिन्याचा शेवटचा मंगळवार