मागच्या काचेची शेवटची तार

प्रिय उर्वशी,

रोज लिहीन लिहीन म्हणतो अन् रोज टाळतो. आलापल्लीच्या पुढच्या तुझ्या आरोग्य उपकेंद्रात टॉवर नाई, म्हणून पत्राशिवाय इलाज नाई हे माहीत होतं. पण मी कुठून लिहून राह्यलो हे कळलं की तू आधी कागद चुरगाळशीन, म्हणून पेन उचलवत नव्हता. मी मूल गावाले आहो. हो, तुझ्याच माहेरले.

रागावण्याआधी ऐकून घे. निघालो होतो नागभीडच्याच कामाले. मूलच्या स्टँडवर चहाले उतरलो तर समोर हरिदासभाऊच्या गॅरेजात एक इंजिन उघडं पडलेलं दिसलं. माझं तुले माहीत आहे. उघडं इंजिन दिसलं की मग बस कोणाची अन् नागभीड कुठचं. बस गेली, माझी बॅग पण तिच्यासंगंच गेली. हरिदासभाऊनं हातात पाना दिला अन् मी राह्यलो. इथी मले सगळे राजू म्हणतात. राजदीप हे नाव मी तोंडातून काढलंच नाई.

मग एका सकाळी तुमची ती जुनी निळी विलायती गाडी आली. तू सांगायचीस तीच, कोण्या विदेशी इंजिनिअरची, लिलावात घेतलेली. तिच्यातून तुझे बाबा उतरले. पळून जावं असं वाटलं, पण मी तोंड इंजिनात घातलं. आपल्या पळून केलेल्या लग्नाचा विहारातला फोटो तुझ्या आईनं पाहिला होता अन् बाबांनी न पाहताच मोबाईल उलटा करून ठेवला होता, हे तूच सांगितलं होतं ना? त्या उलट्या मोबाईलच्या भरवशावर मी इथी तगून आहो.

काम निघालं मागच्या काचेचं. त्या काचेले आतून बारीक तांबूस तारा आडव्या चिकटलेल्या आहेत. बटन दाबलं की त्या गरम होतात अन् काचेवरची वाफ उडते. हरिदासभाऊ हसला, "बापूजी, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात काच गरम कराची मशीन? इथी तर माणूसच भाजते." बाबा हसले नाई. म्हणाले, "धुक्यात जाचं आहे. मागचं दिसलं पायजे." कुठी जाचं, ते सांगितलं नाई.

टेस्टर लावून पाहिलं. तारेवरून सरकवत नेलं तर मधापर्यंत बल्ब पेटे अन् मग एकदम विझे. सगळ्या तारा एकाच पट्ट्यात मेलेल्या. जवळून पाहिलं तर काचेवर ब्लेडचे ओरखडे. मले समजेना. आत बसून तोंडाची वाफ सोडली, तर काच धुकट झाली अन् मधोमध उलटी अक्षरं उमटली. उतरून बाहेरून वाचलं. उर्वशी.

आपल्याकडं जीप म्हण, टेम्पो म्हण, मागच्या काचेवर लेकराचं नाव असतेच. बाबांनी तुझं नाव पावसानं उखडू नये म्हणून आतून चिकटवलं असन. अन् तू गेल्यावर ब्लेडनं खरवडून काढलं. नाव निघालं, संगं तारा पण कापल्या. डिंक तेवढा काचेत राह्यला. हरिदासभाऊले काहीच सांगितलं नाई.

जोडाचं काम बारीक आहे. तारेच्या वर-खाली टेप लावाचा, मधात वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या रंगाचा एकच हात द्याचा, अन् वाळू द्याचं. घाई केली की रंग पसरते. मी अन् वाळू देणं, तूच विचार कर. त्यात बाबा स्टूल टाकून बाजूलेच बसतात. "रंग काऊन पसरून राह्यला रे पोरा? जेवत नाई का?" मी म्हणलं, थंडी आहे बापूजी. थोड्या वेळानं म्हणतात, "आलापल्लीच्या पुढं सकाळी धुकं कधी उठते?" म्हणजे तुझ्याकडंच जाचं होतं त्यायले. म्हणलं, मी तिकडचा नाई.

हरिदासभाऊनं विचारलं, संगं कोण येते? तर बाबा म्हणाले, प्रफुल मागं बसन. तुझा तोच चुलतभाऊ, जो आपल्याले शोधत काठ्या घेतलेली पोरं घेऊन स्टँडवर फिरत होता. हे ऐकल्यापासून मले घास गोड लागत नाई.

आता हे पत्र काऊन, ते सांगतो. तुझे बाबा तुझ्याकडं येऊन राह्यले, अन् ते कशाले येतात हे मले त्यायच्या तोंडावरून वाचता येत नाई. एकदा मी त्यायले नावाच्या जागेवरून अंगठा फिरवताना पाहिलं. एकदा गॅरेजच्या फाटकाशी प्रफुलसंगं हळू आवाजात बोलताना पाहिलं, मी जवळ गेलो तर दोघंही गप झाले. दोन्ही खरं आहे. म्हणून शेवटची एक तार मी मुद्दाम जोडली नाई. विचारलं की सांगतो, रंग वाळून राह्यला. तवरक गाडी निघत नाई. बसचे ड्रायव्हर सोमाजीभाऊ हे पत्र तुझ्या फाट्यावर देतीन, परतीच्या बसनं तुझं उत्तर घेऊन येतीन. येऊ दे म्हणशीन तर तार जोडतो. नको म्हणशीन तर सगळं टाकून तुझ्याकडं निघतो. बाप तुझा आहे, तूच सांग.

थांब. फाटकाशी ऑटो थांबला. तुझी आई उतरली, एकटीच, हातात थैली. सरळ गाडीपाशी गेली, मागचं दार उघडून थैली सीटवर ठेवली अन् आत बसली. हरिदासभाऊले म्हणाली, "प्रफुलले घरीच ठेवलं. इथी मी बसणार आहो." मग मान वळवून काच पाहिली, तारा पाहिल्या. मग मले पाहिलं, लई वेळ. आत्ता विचारून राह्यली, "किती तारा राह्यल्या, राजदीप?"

आता राजू नाई, तुझाच
राजदीप